रोल नंबर एकोणचाळीस

आठवी ‘ब’च्या पटावरून रोल नंबर एकोणचाळीस कमी झाला. विद्यार्थिनीचं वय चव्वेचाळीस, वर्तन चांगलं. आणि तिला शाळेतून काढणाऱ्या पालकाचं वय तेरा.

असो! हे तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू. असं काही घडलेलं नाही. गुरुवारची संध्याकाळ आहे, आत्या शिलाई मशीनवर बसली आहे, नव्या गणवेशाच्या स्कर्टला खालून चार बोटं कापड दुमडून टीप मारते आहे, आणि घरात सगळं सुरळीत आहे.

तेवढ्यात भाचीने मशीनवर एक पत्र आपटलं.

“वाच!”

भाचीला घरात टाचणी म्हणत. जन्मली तेव्हा तेवढीशीच होती, आणि बोलायला लागल्यावर नाव बदलायचं काही कारण उरलं नाही.

आत्याने चष्मा पुसला आणि वाचलं. “प्रिय पालक, हायस्कूलच्या तयारी सप्ताहात आपले पाल्य मनापासून रमले आहे. नकाशा बघून वर्ग शोधणे, उत्तम. लॉकर उघडणे, उत्तम. दर तासाला बदलणाऱ्या शिक्षकांशी जुळवून घेणे, उत्तम. तथापि पाल्य भूमितीच्या तासाला रडते. उद्या शुक्रवारी अकरा वाजता समुपदेशक बाईंना भेटावे.”

“अगं, मग छानच की!” आत्याचा चेहरा उजळला. “तीन-तीन उत्तम! आणि रडायचं काय त्यात, वेडाबाई?”

“मी नाही रडले! तू रडलीस! पत्र मला आलंय, आत्या... पालक मी आहे!”

मशीनचं चाक थांबलं. आतल्या खोलीतून दादा, म्हणजे आत्याचा थोरला भाऊ आणि टाचणीचा बाप, हातात पाना घेऊन बाहेर आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि बिनालिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायचा. त्याने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं.

“म्हणजे नापास कोण झालं?” त्याने विचारलं.

ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

हा गोंधळ समजायचा तर त्या घरातली एक रीत समजून घ्यावी लागेल. वहिनी गेली तेव्हा टाचणी दोन वर्षांची होती. आत्याचं लग्न ठरलं होतं, एका चष्म्याच्या दुकानवाल्याशी. आत्याने त्याला दीड वर्ष थांबायला सांगितलं. तो बिचारा तीन वर्षं थांबला, मग एक चष्मा भेट देऊन निघून गेला. पण वहिनी गेली त्या दिवसापासून आत्याच्या व्याकूळ अंतःकरणाने एकच ध्यास घेतला... या पोरीला कशाचीही भीती वाटता कामा नये! म्हणून जे जे भीतीचं, ते ते आत्या आधी करायची. “आधी मी,” ती म्हणायची, “बघ, काही होत नाही!” सुई टोचायची असेल तर आधी आत्याला. पोहायला शिकायचं होतं तेव्हा आत्या, जिला पोहता येत नव्हतं, खोल पाण्यात आधी उतरली. दोन माणसांनी तिला बाहेर काढलं, आणि काठावर पाणी ओकता ओकता ती म्हणाली, “बघ... काही होत नाही.” टाचणीची दाढ काढायची होती तेव्हा आत्याने आधी स्वतःची काढून घेतली. डॉक्टर सांगत होते की तुमची दाढ ठणठणीत आहे. आत्या म्हणाली, म्हणूनच काढा, किडलेली काढून पोरीला काय कळणार!

पण हायस्कूल... हायस्कूलपुढे ही रीत अडकली. कारण आत्या स्वतः तिथे कधी गेलीच नव्हती! सातवी झाल्यावर घरात आजारी आई होती आणि शिकणारा दादा होता. वडिलांनी दाखला आणला, ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात ‘घरकाम’ लिहिलं होतं, आणि नवी कोरी कंपासपेटी न उघडताच कपाटात गेली. अशा परिस्थितीत पोरीला “बघ, काही होत नाही” असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

तयारी सप्ताहाचा फॉर्म आला, विद्यार्थी आणि पालक दोघांसाठी. पहिली ओळ विद्यार्थ्याची होती, दुसरी पालकाची. आत्याने सवयीने पहिल्या ओळीत आपलं नाव लिहिलं आणि दुसऱ्या ओळीत टाचणीचं. आधी मी. अकरा वर्षांत तिचा हात दुसरं काही शिकलाच नव्हता.

सोमवारी फाटकावर आत्याच्या गळ्यात ‘विद्यार्थी’ असं लिहिलेली निळी फीत पडली, टाचणीच्या गळ्यात ‘पालक’. आत्या गोंधळली, पण मागची रांग ढकलत होती. तिला वर्गात नेलं, टाचणीला हॉलमध्ये. कोणी काही विचारलं नाही. कागद बरोबर होता.

“चार दिवस!” टाचणीचा आवाज चिरकला. “चार दिवस मी त्या हॉलमध्ये बसले! ‘वयात येणाऱ्या मुलांशी कसं बोलावं’ यावर टिपणं काढली मी! शेजारच्या काकांनी मला विचारलं, तुमचं हे पहिलंच का?”

“काय म्हणालीस?” दादाने विचारलं.

“एकुलतं एक आहे म्हणाले! काय म्हणणार?”

“अगं, मग पहिल्याच दिवशी सांगायचंस की बाईंना...” आत्या पुटपुटली.

टाचणीने ओठ घट्ट मिटले. मग अकरा वर्षांचं साचलेलं काहीतरी एकदम उसवलं. “तुला माझ्या आधी सगळं हवं असतं! माझं एकही काही... एकही... तू माझ्यासाठी पहिलं ठेवलं नाहीस! आता शाळासुद्धा घेतलीस!”

दार आपटलं. आत्याच्या काळजात कात्री फिरल्यासारखं झालं. मी? मी घेतली? जिने दाढ दिली, लग्न दिलं, ती...? पण उत्तर जुळेना. सोमवारी ती पोरीसाठी गेली होती, यात शंका नव्हती. मंगळवारीही बहुधा पोरीसाठीच. पण बुधवारी भूमितीच्या सरांनी फळ्यावर चौरस काढला, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात रेघ ओढली आणि म्हणाले, हा कर्ण, हा बाजूंपेक्षा नेहमी मोठा असतो, आणि का ते आपण सिद्ध करणार आहोत. तीस वर्षं आत्याने कापड उरेब कापलं होतं. तिरपं कापलं की जास्त लागतं हे तिच्या बोटांना पाठ होतं. पण त्याला ‘का’ असतं, आणि ते ‘का’ इतकी वर्षं इथे या फळ्यावर रोज लिहून पुसलं जात होतं, हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं! ती बाकावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. शेजारच्या मुलाने तिला खोडरबर दिला. त्याच्याजवळ देण्यासारखं तेवढंच होतं.

आणि गुरुवारी ती कोणासाठी गेली होती, हे तिला स्वतःलाच सांगता आलं नसतं.

शुक्रवारी अकरा वाजता तिघं समुपदेशक बाईंच्या खोलीत शिरली. बाईंनी टाचणीला हात असलेली खुर्ची दिली, आत्याला स्टूल. दादाला त्यांनी विचारलं, “आपण?” आणि त्याला उत्तर सुचायच्या आत कागदावर ‘इतर’ लिहिलं.

“बाई, चूक झालीये हो,” आत्या काकुळतीला आली. “मी विद्यार्थी नाही. ही आहे. बघा ना माझ्याकडे!”

“वय मी बघत नाही,” बाई प्रेमाने म्हणाल्या. “त्याने मुलांच्या मनावर परिणाम होतो.”

“मग नाव बदला!”

“नाव बदलता येत नाही. वर्गात एकच जागा उरली होती, ती तुझी आहे. तू शाळा सोडलीस तर जागा रिकामी होईल आणि मग तिच्यासाठी नवीन अर्ज घेता येईल. आज एक वाजेपर्यंत. मात्र शाळा सोडायला पालकाची सही लागते.” त्यांनी टाचणीकडे अदबीने पाहिलं. “यांची.”

आत्या सुन्न झाली. पुन्हा? तोच दाखला... दुसऱ्यांदा?

“पण त्याआधी पत्रं,” बाई म्हणाल्या. सप्ताहाची तशी पद्धतच होती. चौथ्या दिवशी सकाळी विद्यार्थ्याने आपली भीती लिहायची, पालकाने पाल्याला चार शब्द लिहायचे, पाकिटं बंद करायची आणि भेटीच्या वेळी एकमेकांची वाचायची. “वाचल्याशिवाय मी कोणालाच सोडत नाही.”

टाचणीने आत्याचं पाकीट फाडलं. आत दोनच ओळी होत्या, टीप मारल्यासारख्या सरळ.

“मला लॉकरची भीती वाटत नाही, सरांची वाटत नाही,” टाचणीने वाचलं. “मला एवढीच भीती वाटते की कोणाच्या तरी लक्षात येईल.”

दादा उगाचच पंख्याकडे बघायला लागला.

आत्याने दुसरं पाकीट उघडलं. “माझ्या पाल्यास. सोमवारी मी बाईंना सांगायला निघाले होते. वाटेत खिडकीतून तू दिसलीस. तू हात वर केला होतास. तुला कधी कोणी काही विचारलेलंच मी पाहिलं नव्हतं. तू तो किती उंच केला होतास! मग मी परत हॉलमध्ये जाऊन बसले. आणखी एक. मला दाढेची भीती नव्हती. तुझी काढताना बघितली आणि मग वाटायला लागली. पाण्याचंही तसंच. मी सांगितलं नाही, कारण तू इतकी धडपडून करायचीस. सावकाश शीक. मी थांबते. तुझी पालक.”

आत्याने कागद उलटून मागची बाजूही बघितली.

“हे तू काल सकाळी लिहिलंस?” आत्याने कसंबसं विचारलं. “आणि संध्याकाळी मला इतकं बोललीस?”

“लिहून झाल्यावर राग यायला लागला,” टाचणी नाक ओढत म्हणाली. “आधी चांगली वागले होते ना... म्हणून.” मग ती ताठ बसली. “बाई, मी सही करणार नाही. ती शिकेल. मी पुढच्या वर्षी येईन.”

“काय बोलतेस! तुझं वर्ष वाया घालवू?”

“तुझी एकतीस गेली!”

“मी सोडते म्हणाले ना!”

“मी सोडू देत नाही म्हणाले ना! पालक मी आहे!”

“अहो बाई,” दादा हात जोडून उभा राहिला, त्याचे डोळे वाहत होते, “दोघींना घ्या ना हो एका जागेत! लिफ्टमध्ये आठ माणसं असं लिहिलेलं असतं, मी बारा गेलेली बघितलीत... काही होत नाही!”

“इतरांनी कृपया बसावं,” बाई म्हणाल्या.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेएक वाजला होता. आत्याने पोरीकडे पाहिलं. तो हट्ट तिने ओळखला, कारण तो तिचाच होता, तिनेच वाढवलेला, चार बोटं जास्त ठेवून. समजावून तो हलणार नव्हता. मग आत्याने आयुष्यात कधीही न केलेली गोष्ट केली. ती स्टुलावरून खाली उतरली, फरशीवर बसली आणि पाय आपटायला लागली.

“मला नाही जायचं शाळेत!” ती ओरडली. “नाही जायचं! मला आवडत नाही शाळा! भूमिती घाण आहे! मला घरी जायचंय!”

बाहेरून जाणारी दोन मुलं दारात थबकली. बाईंनी टाचणीच्या खांद्यावर हात ठेवला. “घाबरू नका. पहिल्या आठवड्यात असं होतंच. पण मूल इतकं नाही म्हणत असेल तर पालकांनी जबरदस्ती करू नये.”

टाचणी खुर्चीतून उठली आणि फरशीवर आत्याच्या समोर येऊन बसली. चव्वेचाळीस वर्षांची ती बाई इतकं वाईट खोटं बोलत होती की बघवत नव्हतं.

“खरंच नाही जायचं?” टाचणीने हळूच विचारलं.

“नाही.”

“भूमिती घाण आहे?”

आत्याच्या ओठांचे कोपरे थरथरले. “...खूप घाण आहे.”

“दे ते पेन,” टाचणी म्हणाली.

तिने फॉर्म मांडीवर घेतला. खाली सही केली. मग ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्याशी थांबली. आत्याने डोळे मिटून घेतले. या रकान्यात तिच्यासाठी काय लिहितात ते तिला माहीत होतं. पेन थोडंसंच चाललं. तिने डोळे उघडले तेव्हा तिथे लिहिलं होतं, ‘आता आधी मी.’

“आणि मग तू,” टाचणी म्हणाली. “रोज संध्याकाळी मशीनपाशी. सरांनी जे शिकवलं ते सगळं. मी जाऊन बघून येते, काही होतं का ते.”

आत्याने तिला असं काही कवटाळलं की फॉर्मला सुरकुती पडली, आणि बाईंना तो वहीखाली दाबून सरळ करावा लागला.

पाच मिनिटं उरली असताना टाचणीचा प्रवेश झाला. या वेळी आत्याचं नाव दुसऱ्या, पालकाच्या ओळीत होतं, आणि ते तिथे लिहिताना तिचा हात दोनदा चुकला. निळी फीत तिने पोरीच्या गळ्यात घातली, कॉलर सरळ केली. टाचणी लांबलचक व्हरांड्यातून एकटी चालत गेली. वळणावर ती थांबली, मागे वळली आणि ओरडली, “बघ, काही होत नाही!”

आत्याने हात हलवला. मग कोणी बघत नाहीसं पाहून तो वर केला, खिडकीतून दिसला होता तेवढा उंच.

दादा लिफ्ट शोधायला गेला. आत्याने बाईंकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून अर्ज लिहिला. तो आवक क्रमांक पडून शाळेच्या दप्तरात जमा आहे.

“प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय: रोल नंबर एकोणचाळीसबाबत. महोदय, उपरोक्त क्रमांक आजपासून रिकामा झाला आहे. माझ्या भाचीस चाळीस क्रमांक मिळाला असून त्याबद्दल कोणतीही तक्रार नाही. तरी विनंती की, एकोणचाळीस हा क्रमांक अन्य कोणत्याही विद्यार्थ्यास देण्यात येऊ नये. तसेच रोज सकाळी हजेरी घेताना, अडतीसनंतर आणि चाळीसच्या आधी, तो एकदा मोठ्याने पुकारण्यात यावा. उत्तर येणार नाही याची अर्जदारास पूर्ण कल्पना आहे. गैरहजर लावावे. कळावे.”