बिनओरखड्याची खाण

धातूसाठी जमिनीला ओरखडा काढायचा नाही, असा कायदा जगभर झाला त्याला एकोणीस वर्षं लोटली होती. शहरांना गाड्या हव्या होत्या, गाड्यांना बॅटऱ्या आणि बॅटऱ्यांना कोबाल्ट. फक्त खाणीचा खड्डा कुणाला बघवत नव्हता. मग शास्त्रज्ञांनी शोषवेल काढली. नाव वेल, प्रत्यक्षात कमरेएवढं झुडूप. त्याच्या मुळांशी राहणारे जिवाणू मातीतला कोबाल्ट झाडाला पुरवत आणि पानं खुडली की त्यांतून धातू निघे. याला म्हणायचं बिनओरखडा कोबाल्ट. शहरातली सुशिक्षित माणसं तो मोठ्या अभिमानाने मिरवत.

कोकणातल्या कांदेरी गावच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या त्या उघड्या पठारावर, ही झुडपं जेवढा धातू देत तेवढा जगात कुठेच देत नसत. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ती लावणाऱ्या कंपनीला विचारायची गरजही वाटली नव्हती.

ते कळलं गावपळणीमुळे. दर चार वर्षांनी देवाचा कौल घेऊन अख्खा कांदेरी गाव तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, कुणी म्हणून मागे राहायचं नाही. मागच्या दोन पळणींना कंपनीने कामाच्या नावाखाली वीस घरं अडकवून ठेवली होती. यंदा भिवा घाडी हटून बसला. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. त्याचा शब्द मोडायची गावात कुणाची छाती नव्हती. स्वतःची बहीण शेवंती, जिचे पाय दोन वर्षांपासून बधिर झाले होते, तिलाही त्याने बाजेवर घालून ओहोळापलीकडच्या, माडाच्या झापांच्या खोपीत आणलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर उत्पला देवधर ओहोळ ओलांडून आली. ही कंपनीची वनस्पतिशास्त्रज्ञ. भिवाला ती कधीच आवडली नव्हती.

"घाडीकाका, झुडपांतला कोबाल्ट थांबलाय," ती म्हणाली. "तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

"मगे? देवाची रजा असा ती. झाडांकाय असूची."

"तसं नाही. ऐका. आपल्या रक्ताला आणि नसांना एक जीवनसत्त्व लागतं. त्याच्या मधोमध कोबाल्टचा एक कण असतो, अंगठीत खडा बसवावा तसा. शोषवेलीचा जिवाणू पाण्यातून तुमच्या आतड्यांत शिरलाय. तो तुमचं जीवनसत्त्व फोडतो, खडा स्वतः घेतो आणि रिकाम्या अंगठ्या टाकून देतो. त्या तुमच्या सांडपाण्यातून सड्यावर जातात आणि तिथे दगडातला कोबाल्ट पकडतात. जांभ्या दगडातून कोबाल्ट काढणं मुळांजवळच्या जिवाणूंना एकट्याने जमतच नाही."

गावातली फिकुटलेली तोंडं, चाळिशीतच विसरायला लागलेली माणसं, तळव्यांना येणाऱ्या मुंग्या, सगळं भिवाच्या डोळ्यांपुढून गेलं. कंपनीचा दवाखाना म्हणे, वय झालं.

"म्हणजे माझ्या भैनीचे पाय तुमच्या गाड्येत गेले?"

उत्पलाने होकारार्थी मान हलवली. राग त्याच्या टाळूपर्यंत चढला.

"आणि ह्या कंपनीक कळला?"

"यंत्रं आपोआप कळवतात. एक घर जरी मागे राहिलं असतं, तरी थोडा धातू येत राहिला असता आणि कुणाला शंकाही आली नसती. तुम्ही सगळ्यांना बाहेर काढलंत."

आपल्याच हट्टाने गाव उघडं पडलं, हे भिवाच्या ध्यानात आलं.

"यावर इलाज आहे," ती घाईने म्हणाली. "हा जिवाणू सड्याच्या पाण्यातल्या कोबाल्टवर जगतो. चाळीस दिवस ते पाणी प्यायलं नाही तर तो मरतो. पाय पुष्कळ सुधारतील. पण उद्या परत गेलात, की कंपनी पुन्हा बाहेर पडू देणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी रिवाजाप्रमाणे भिवा मोजक्या मानकऱ्यांसह देवळात गेला. परतायचा कौल मागितला. देवाने पाषाणावर लावलेलं उजवीकडचं फूल पाडून उजवा कौल दिला, म्हणजे खुशाल घरी या. मानकरी बाहेर थांबले होते. भिवाने पाषाणावरची फुलं गोळा करून मुठीत चुरगळली आणि बाहेर येऊन सांगितलं, "देवान कौल दिल्यान नाय. चाळीस दिवस भायरच रवाचा."

जन्मात पहिल्यांदा तो देवाच्या नावावर खोटं बोलला होता. तरी त्याला त्या खोट्याचा जराही पश्चात्ताप नव्हता.

दुपारी कंपनीचा व्यवस्थापक निमकर आला. सोबत बंदूकवाले होते. भिवा कंबर कसून उभा राहिला.

"देवाचो हुकूम असा. आमी येवचंव नाय."

"नका येऊ," निमकर हसून म्हणाला. "श्रद्धेच्या आड आम्ही कधीच येत नाही. फक्त एक सांगतो. काल सकाळी सरकारने तुम्हाला नैसर्गिक स्रोत म्हणून संरक्षण दिलंय. स्रोताला धक्का लावणं आता ओरखडा-बंदी कायद्याने गुन्हा आहे. इलाज सांगणंसुद्धा. डॉक्टरीणबाईंना म्हणूनच पोलीस घेऊन गेलेत."

"स्रोत? माणसा आसंव आमी!"

"ते आहातच. आणि तुम्ही असाल तिथे खाण."

त्याच्या मागून ट्रक आले. माणसांनी ओहोळाच्या काठाने काटेरी तार ओढली आणि खोपींचं प्यायचं पाणी तोडलं. मग सड्याचा जांभा भरलेल्या शोषवेलीच्या कुंड्या उतरवून त्या खोपींभोवती रांगेने मांडायला सुरुवात केली. शेवटी कांदेरीच्या सड्यावरच्या विहिरीवरून भरलेला टँकर येऊन थांबला.

ऊन अजून रणरणत होतं. पोरं टँकरकडे धावली. भिवाने त्यांना हाकललं, शिव्या घातल्या, एकाच्या हातातली कळशी लाथाडली. संध्याकाळपर्यंत त्याने कुणालाही टँकरजवळ फिरकू दिलं नाही. तोवर दोन लेकरं ग्लानी येऊन पडली होती आणि त्यांच्या आया भिवाच्या नावाने बोटं मोडत होत्या.

"भाऊ," शेवंती बाजेवरून पुटपुटली, "घसो सुकलो रे. घोटभर पाणी दी मां."

लाथाडलेली कळशी भिवाने स्वतःच उचलली आणि तो ती टँकरच्या तोटीखाली धरून बसला.