बरोबर गोळी, बरोबर वेळ

“सगळं बरोबर दिलंय, तरी आजी कोसळतात. मी काय चुकतेय तेच कळत नाही,” खुर्चीत न बसताच सिस्टर म्हणाली.

पाच दिवसांत चारदा तेच झालं होतं. सकाळी आठला गोळी आणि तासाभरात रक्तदाब खाली. काल तर म्हातारीचं कपाळही फुटलं. सिस्टर चुकीच्या गोळ्या देते, अशी लेखी तक्रार म्हातारीच्या मुलाने रुग्णालयाच्या मेट्रनकडे केली होती. उद्या दुपारपर्यंत उलगडा झाला नाही, तर सिस्टरची नोकरी जाणार होती.

खासगी तपास करणाऱ्या बाईंनी पर्स उचलली. मागोमाग वही घेऊन त्यांचे दीर निघाले. प्रश्न कळण्याआधी उत्तर लिहायची त्यांना खोड होती.

औषधांच्या खिडकीवरच्या माणसाने पाकीट दाखवलं. गोळी तीच होती. डॉक्टर वैतागले होते. ही गोळी दिवसभर हळूहळू काम करते, तासाभरात माणूस आडवा करत नाही, असं ते म्हणाले. तक्त्यावर पाचही दिवस सिस्टरची सही होती. मधला बुधवार मात्र सुखरूप गेला होता. मुलाला कामावरून सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून त्या दिवशी सिस्टरनेच आजींना टेकून बसवून पाणी पाजलं होतं. एरवी आईच्या घशाखाली काही धड उतरत नाही म्हणून सगळं मीच भरवतो, असं मुलगा सांगत होता.

“मुलगाच विष घालतोय,” दीर कुजबुजले.

“उचलली जीभ, लावली टाळ्याला. भावजी, मग तक्रार तो कशाला करेल?”

दिरांनी लिहिलेलं खोडलं. आता त्यांना काहीच समजेना. गोळी तीच, सही तीच, वेळ तीच, मग बुधवार वेगळा कसा?

“कागद पुरे झाले,” बाई म्हणाल्या. “उद्या नुसतं बघू.”

सकाळी आठला त्या समोरच्या स्टुलावर बसल्या. सिस्टरने गोळी मुलाच्या हातावर ठेवली, सही केली आणि पुढच्या खाटेकडे वळली. मुलाने दोन चमच्यांमध्ये गोळी दाबली, भुकटी पाण्यात कालवली आणि आईची हनुवटी हलकेच वर केली. चमचा ओठांशी पोचायच्या आत बाईंनी त्याचं मनगट धरलं.

मेट्रनच्या खोलीत सगळे जमले.

“ही गोळी अख्खी गिळायची असते,” बाई म्हणाल्या. “पोटात ती हळूहळू विरघळते. भुकटी केली की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. बुधवारी सिस्टरनं अख्खी दिली, म्हणून आजी बऱ्या राहिल्या. औषध बरोबर होतं, सहीही बरोबर होती. गोळी हातात दिल्यापासून तोंडात जाईपर्यंत काय होतं, ते मात्र कोणी पाहिलंच नाही.”

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

मुलगा भिंतीला टेकला. “म्हणजे आईला मीच पाडलं?”

त्याने तक्रार मागे घेतली. मेट्रनने सिस्टरला कामावर जायला सांगितलं. सिस्टर हलली नाही.

“माझ्याबद्दलही लिहा, मॅडम. गोळी गिळताना बघणं माझं काम होतं. मी न बघता सही करत होते.”

“सुटली होतीस की गं,” मेट्रन म्हणाली. “हे वर गेलं तर नोकरीचं मी सांगू शकत नाही.”

“माहीत आहे. पण इतर खाटांवरही मी तसंच करते. सगळ्याच करतो.”

दीर गोंधळून एकदा तिच्याकडे, एकदा वहिनींकडे बघू लागले. मेट्रनने दार लावून घेतलं आणि कोरा कागद पुढे ओढला.