दुसरी थाप

मोठी माणसं पोरांना भुताची गोष्ट सांगायला बसली, की समजायचं त्यांना काहीतरी सरळ सांगायचं नाहीये. दहावीत दोनदा नापास झालो, तिसऱ्यांदा बसलोच नाही. पण एवढं मात्र शिकलो, तेही शाळेच्याच एका माणसाकडून.

शनिवार, सहा जून सत्त्याऐंशी. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. बोरीवलीला, बाभईत आमच्या चाळीमागे पाण्याची टाकी आहे, तिच्यावर मी आणि माझा दोस्त माणिक बसलो होतो. लाइट गेलेली. शेजारच्या खोलीतला चंदूकाका बॅटरी घेऊन वर आला. चंद्रप्रकाश सावंत. बावीस वर्षं एका शाळेत क्लार्क. शाळेची परिपत्रकं हाच लिहायचा, हाच सायक्लोस्टाइल करायचा आणि त्यांत काय लिहायचं नाही हेही यालाच पक्कं ठाऊक.

"तुझ्यासाठी काम आणलंय," म्हणाला. "सोमवारी शाळा उघडते. तीन नंबरच्या बसला ड्रायव्हर नाही. तू टेम्पो चालवतोस, बस पण चालवशील."

"माझं लायसन हलक्या गाडीचं आहे."

"ते बघू. आरटीओत आपला माणूस आहे."

"आणि पोरं मेली तर? तिथे पण आपला माणूस आहे?"

काकाने ऐकलं नाही असं दाखवलं. ड्रायव्हरच मिळत नाहीत, म्हणाला. जरा बरा चालवणारा असला की पासपोर्ट काढतो. दुबई, मस्कत, कुवेत. खिशातून परिपत्रक काढून त्याने बॅटरीच्या उजेडात वाचून दाखवलं, जसं काही आम्ही पालक. "'चालकांच्या तुटवड्यामुळे बस क्रमांक तीन व पाच यांच्या फेऱ्या एकत्र करण्यात येत आहेत. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेबाबत शाळा दक्ष आहे.'"

"झकास," माणिक म्हणाला. "ड्रायव्हर नाही, पण दक्ष आहे."

"गाडी एकदम ठणठणीत आहे रे," काका म्हणाला. "आजच रंगवून घेतली. संध्याकाळी शेवटचा हात मारला, अजून ओली असेल."

"क्लीनर कोण?" मी विचारलं. "मागे घेताना पत्र्यावर थाप कोण मारणार?"

टेम्पो असो, ट्रक असो, बस असो, मागे घेताना क्लीनर मागे उभा राहून पत्र्यावर हात मारतो. लागोपाठ दोन थापा म्हणजे येऊ दे. एकच थाप म्हणजे थांब. ड्रायव्हरला मागचं काही दिसत नसतं. त्याचे डोळे म्हणजे ती थाप.

"क्लीनर नाही," काका म्हणाला. मग बॅटरी बंद केली. "धाकूपासून नाही. तुम्हाला धाकूचं माहीत नाही ना? माझ्या ओळखीचा होता."

आणि तो सांगायला लागला.

धाकू त्याच तीन नंबरच्या बसचा क्लीनर. मालवणकडचा, सरळ माणूस. बसचा ड्रायव्हर ह्युबर्ट चौऱ्याऐंशीच्या जूनमध्ये मस्कतला गेला. शाळेने काय केलं, धाकूला स्टिअरिंगवर बसवलं. धाकूच्या जागी कोणालाच घेतलं नाही. बसचा शेवटचा थांबा गोराईच्या धक्क्यावर. खाडीपलीकडच्या गावातली चार-सहा पोरं सकाळी होडीने यायची, तिथून बसने शाळेत. संध्याकाळी बसने धक्क्यावर, तिथून होडीने घरी. धक्क्यावर रस्ता संपतो. एका बाजूला दगडी भिंत, भिंतीपलीकडे आणि समोर खाडी. बस मागे घेऊन वळवावीच लागते.

"पहिल्या दिवशी धाकू खिडकीतून मान काढून, वाकून वाकून बघत होता," काका म्हणाला. "तेव्हा त्या गोराईच्या पोरांतली एक मुलगी पुढे आली. बेला. पाचवीतली. म्हणाली, मी मारते थाप, मला येते."

"आणि मारू दिली?"

"रोज मारायची. कधी चुकली नाही. पत्र्यावर एकाच जागी हात. तिथला रंग उडाला होता, खालचा पत्रा चमकायला लागला होता."

"आणि शाळेला माहीत होतं?"

"सगळ्या बाईंना माहीत होतं. मुलगी हुशार आहे म्हणायच्या."

दहा वर्षांची पोर रोज बसच्या मागे उभी राहते आणि सगळ्या मोठ्या माणसांना तिचं कौतुक. काका पुढे सांगू लागला.

डिसेंबरात पाच नंबरचाही ड्रायव्हर गेला. धाकू दोन्ही बसच्या फेऱ्या मारायला लागला. पहाटे पाचपासून. एके दिवशी संध्याकाळी धक्क्यावर पोरं उतरली, होडीकडे पळाली. बेला मागे गेली. धाकूने गिअर टाकला. पुढे बस, पाठीमागे भिंत. मध्ये बेला.

"पंचनामा झाला. धाकूने सांगितलं, तिने दोन थापा मारल्या म्हणून मी मागे आलो. जबाबात तसंच लिहिलं गेलं. शाळेने परिपत्रक काढलं."

ते परिपत्रक मला पाठ होतं, कशामुळे निघालं ते आज कळलं. चाळीतल्या अर्ध्या पोरांच्या वहीत चिकटवलेलं होतं. 'विद्यार्थ्यांनी बसच्या मागे उभे राहू नये. सूचनेचे उल्लंघन करणाऱ्या विद्यार्थ्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी शाळेवर राहणार नाही.' चूक कोणाची, तर मेलेल्या पोरीची. अक्षर चंदूकाकाचं.

"तिची आई इव्हा आठवडाभर शाळेच्या दारात उभी राहायची," काका म्हणाला. "एकच बोलायची. माझी बेला एक-दोन चुकणार नाय."

"मग भूत कुठे आहे?" माणिकने विचारलं.

"सत्तावीस जानेवारी पंच्याऐंशी," काका म्हणाला. "रविवार होता. सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमासाठी आपल्या शाळेची बाकं गोराईला दिली होती. सोमवारी वर्गात हवी होती. मार्कस म्हणून होडीवाला आहे, त्याच्या होडीतून रात्री साडेनऊला येणार होती. टेम्पो मिळाला नाही, म्हणून धाकू बस घेऊन निघाला. एकटाच. मिठागरांच्या मधला रस्ता. दिवे नाहीत. दोन्ही बाजूंना तिवरं. धाकूला तिथे जायचं नव्हतं. त्या दिवसापासून तो धक्क्यावर उतरलाच नव्हता. बस लांबच थांबवायचा, पोरं चालत जायची. पण बाकं कोण उचलून आणणार? गाडी मागे घेऊन पार धक्क्याला लावावी लागणार होती. नऊ वीस झाले होते. होडी आलेली नव्हती. भिंतीपाशी थांबलो. वारा नव्हता. आम्ही काचा खाली केल्या…"

"आम्ही?" मी म्हटलं.

काकाने बॅटरी लावली, परत बंद केली.

"तुम्ही होतात बसमध्ये."

"होतो," काका म्हणाला. "बाकं मोजून घ्यायला शाळेने मला पाठवलं होतं."

"मग मागे तुम्ही उभे राहिलात."

"धाकू म्हणाला, काकांनू, मागे जावा. माका दिसत नाय. मी म्हटलं, अरे रोजची जागा आहे, घे अंदाजाने." काका अंधारातच बोलत होता. "अंधार होता रे. त्याच जागेवर जाऊन उभं राहायचं… मी नाही उतरलो. त्याच्या बाजूच्या सीटवर बसून राहिलो."

"मग?"

"धाकूने गिअर टाकला. पाय क्लचवर. हलला नाही. मला वाटलं घाबरला. तेवढ्यात मागे थाप पडली."

"किती?"

"दोन."

खाली कोणाच्या तरी खोलीत रेडिओ चालू होता. सेलवर. तो बंद झाला.

"धाकूने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या बाजूला होतो. बसमध्ये तिसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, कोळी असेल कोणी. घे. त्याने घेतली थोडी मागे. परत दोन. घेतली. परत दोन. अगदी नीट. घाई नाही. जोर पण नाही. पत्र्यावर खाली कुठेतरी. मोठा माणूस मारतो तिथे नाही…"

काकाने बॅटरी दुसऱ्या हातात घेतली.

"मग एक थाप."

"एकच?"

"धाकूचा पाय तसाच. मी वाट बघत होतो दुसरीची. तो पण. गाडी हळूहळू मागे चाललेली. मनात म्हटलं, येईल. आता येईल. नाही आली. धाकूने ब्रेक मारला. इंजिन बंद केलं. मग काहीच नाही. खाडीचं पाणी पण नाही वाजत."

"उतरलात?"

"तो उतरला. बॅटरी घेऊन."

"तुम्ही?"

काका उतरला नव्हता, तेव्हाही.

"मागच्या बाजूची भिंत खचली होती," तो म्हणाला. "आम्हाला माहीत नव्हतं. चाकापासून कडा चार बोटं. खाली खाडी. मागे कोणी नाही. रस्त्यावर नाही. धक्क्यावर नाही. धाकू परत आला आणि दाराच्या पायरीवर बसला. मला वाटलं रडेल. रडला नाही. म्हणाला…"

"काय?"

"काकांनू, तेव्हाय दुसरी इली नव्हती."

मला कळायला क्षणभर लागला. माणिकला माझ्याआधी कळलं. तो टाकीवरून खाली उतरून उभा राहिला.

त्या संध्याकाळी बेलाने एकच थाप मारली होती. थांब म्हणून. पहाटे पाचपासून गाडी चालवणाऱ्या माणसाने पहिली ऐकली आणि दुसरी येणारच असं धरून चालला. रोज येते, आजही येईल. तिने थांब सांगितलं होतं. पोर चुकलीच नव्हती.

"जबाब कोणी लिहिला होता?" मी विचारलं.

"धाकूला लिहिता कुठे येत होतं."

"कोणी लिहिला?"

"मी." काकाचा आवाज एकदम म्हातारा झाला. "तो मला म्हणाला होता, एक ऐकली, दुसरी… नक्की नाय. मी म्हटलं, नक्की नाही असं लिहिलं तर तू आत जाशील, शाळा बंद पडेल. दोन लिहितो. त्याने अंगठा दिला. त्या रात्री पायरीवर बसून म्हणाला, आता दुसरा कागद लिवा. तिच्या आयशीक दाखवूया. मी म्हटलं, सकाळी बघू. सकाळी चावी माझ्या टेबलावर होती. धाकू गावी निघून गेला. परत आला नाही."

"आणि तुम्ही इव्हाकडे गेलात?"

काका बॅटरीचं बटण चाळत राहिला.

"दोन वर्षं झाली, काका. इथून धक्का किती लांब आहे?"

काका म्हणाला, "नंतर दोन ड्रायव्हर आले. दोघेही गेले."

"गल्फला?"

"एक गल्फला."

दुसरा कुठे, ते आम्ही विचारलं नाही. मला एकच कळत होतं. हा माणूस मला सावध करायला आला नव्हता. त्याला सोमवारी त्या सीटवर बसायला कोणीतरी हवं होतं, आणि उद्या काही झालं तर 'मी सांगितलं होतं' म्हणायची सोय हवी होती. धाकू निदान पायरीवर बसला आणि खरं बोलला. हा दोन वर्षं नुसता सीटवर बसून होता.

"बस चालवतो," मी म्हटलं. "दोन गोष्टी करा. मागे मोठा माणूस उभा राहील, रोज, आणि पहिल्या दिवशी तो तुम्ही. आणि तो कागद लिहायचा. तुमच्या अक्षरात. उद्या रविवार आहे, पहिल्या होडीने मी तुमच्याबरोबर इव्हाकडे येतो."

"सोमवारनंतर बघू ना."

"सकाळी बघू असंच म्हणाला होतात तुम्ही धाकूला."

मी म्हटलं, मग आधी बस तरी दाखवा. तो कुरकुरला, पण उठला. फाटकाची चावी त्याच्याकडेच असते.

सव्वादहाला आम्ही शाळेच्या पटांगणात पोचलो. काका फाटकाशीच थांबला. बस मागच्या भिंतीला तोंड करून उभी होती, पिवळी, नवीकोरी, रंगाचा वास सगळ्या पटांगणात. माणिकने काकाची बॅटरी धरली. मी मागच्या बाजूला गेलो.

"हात लावू नका," काका लांबून म्हणाला. "ओली आहे."

सगळा पत्रा ओला चमकत होता. फक्त उजव्या कोपऱ्यात, माझ्या कमरेच्या जरा वर, एका जागी रंग नव्हता.

वाकून तळहात ठेवून बघितला. जागा माझ्या हाताहून लहान होती. हात उचलला तर बोटांच्या टोकांना आणि तळव्याच्या कडेला पिवळा रंग लागलेला. मध्ये काहीच नाही. तिथला पत्रा कोरडा होता. गुळगुळीत, रोज हात लागून लागून होतो तसा.