एक बुडबुडा राहू दिला

"अहो, हात! हात काढा तिथून!"

सालोमी ओरडली, आणि ओरडता ओरडता तिने त्याचं मनगट धरलंसुद्धा. राजोडीच्या रस्त्यावर तिच्या पपांचं सायकलचं दुकान. पपा पंक्चर काढायचे. डोंगरात चालवायच्या महागड्या सायकलींचे तेलावर चालणारे ब्रेक ही लेक सांभाळायची. समोर उभा होता विरारचा कुणी फ्लॅटवाला, पावसाने निथळत, चाकाच्या डिस्कवर बोट फिरवत.

"बोटाचं तेल लागतं डिस्कला. मग ब्रेक किंचाळतो."

"आत्ता तर तुम्हीच किंचाळलात," तो म्हणाला.

अशा आगाऊ माणसाचं मनगट पटकन सोडावं की नाही? हिने सोडलं नाही... आणि त्यानेही सोडवून घेतलं नाही. विघ्नेश त्याचं नाव.

ब्रेकच्या नळीत हवा शिरली होती, त्यामुळे ब्रेक नीट लागत नव्हता. ती काढायला दोन माणसं असली की बरं पडतं. सालोमी चाकापाशी सिरिंज घेऊन बसली, त्याला तिने हँडलवरचा ब्रेकचा लिव्हर दाबायला उभं केलं. "दाबा... धरून ठेवा... हं, सोडा." ती खालून तेल ढकलायची आणि हँडलवर लावलेल्या कपात बारीक बारीक बुडबुडे यायचे.

"सगळ्यांना असंच हुकमावर नाचवता?"

"नाचता कुठे येतंय तुम्हाला? नीट दाबा."

मग काय, तो येतच राहिला, कधी ब्रेकचे पॅड, कधी चेन, कधी नुसतंच 'आवाज येतोय बघ'. महिन्याभरात 'अहो'चं 'अरे' झालं. पण कारणं ती किती पुरणार? एकदा तीन आठवडे तो फिरकला नाही. सालोमीचा जीव नुसता टांगणीला. फोन करायचा तर काय म्हणून? गिऱ्हाईकाला का कोणी 'ये ना' म्हणतं?

त्यानंतर तो आला तेव्हा तिने ब्रेक साफ केला, तेल भरलं, आणि एक बुडबुडा आत राहू दिला. मुद्दाम. सपाट रस्त्यावर काय होणार होतं? आठवड्याभरात लिव्हर पोचट लागेल आणि स्वारी दारात येईल. नवव्या दिवशी स्वारी आलीही, हसत हसत! वेडी पोर, तिने पुन्हा तेच केलं.

पुढच्या रविवारी ती चर्चमधली मिस्सा आटोपून दुकान उघडते न उघडते तोच विघ्नेश सायकल ढकलत आला. हँडल वाकडं, चिखल सगळीकडे.

"काय झालं?"

"उन्नतीने नेली होती, माझ्या बहिणीने. चिंचोटीच्या उतारावर पडली. मनगट मोडलं. म्हणते, ब्रेक लागलाच नाही." त्याने मान हलवली. "चांगली झापली मी तिला. म्हटलं, सालोमीच्या हातचा ब्रेक आहे, तो लागत नाही असं होणारच नाही. तुलाच चालवता येत नाही! रडत बसलीय. सायकलला पुन्हा हात लावणार नाही म्हणते."

सालोमीला बोलायचं होतं, पण तोच पुढे बोलत होता, जरा अडखळत.

"आणि ऐक ना... आईला सांगितलं मी तुझ्याबद्दल. आधी गप्पच बसली. मग म्हणाली, चर्चवाली असली म्हणून काय झालं, घरी तर आण. पुढच्या रविवारी... येशील?"

याच प्रश्नाची ती दोन महिने वाट बघत होती. 'येईन' म्हटलं की झालं असतं, कुणाला काही कळलंही नसतं. पण तिकडे विरारला एक मुलगी हाताला प्लास्टर घालून स्वतःलाच दोष देत बसली होती.

"विघ्नेश, ब्रेकमध्ये हवा होती."

"राहिली असेल गं. होतं असं."

"राहिली नाही. मी ठेवली. तू परत यावास म्हणून... मला तू आवडतोस म्हणून."

त्याने सायकल भिंतीला टेकवली.

"नुसतं ये म्हणाली असतीस, तर आलो नसतो का मी?"

तिला रडूच फुटलं. त्याने जवळ येऊन डोळे पुसले नाहीत. खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि तिच्या हातात दिला.

"उन्नती, मी सालोमी," ती कशीबशी म्हणाली. "तुझी काहीच चूक नव्हती गं. ब्रेक मी खराब ठेवला होता. मुद्दाम." पलीकडून एक बारीक आवाज आला, "दादाला द्या."

तो बाहेर पत्र्याखाली जाऊन बोलला. सालोमीने हँडल सरळ केलं आणि ब्रेक करायला घेतला, एकटीनेच. लिव्हर दाबायला या वेळी कोणी नव्हतं. एका हाताने सिरिंज, दुसऱ्या हाताने लिव्हर, अशी तासभर ती उठबस करत राहिली. शेवटचा बारीकसा बुडबुडा वर येऊन फुटेपर्यंत.

"झाला?" त्याने विचारलं.

"झाला. आता वर्षभर बघायला नको."

"म्हणजे मी यायची गरज नाही."

खोटं बोलायला अजूनही वाव होता. तिने त्याच्याकडे बघितलं.

"नाही, गरज नाही," ती म्हणाली.

पुढच्या रविवारचा विषय पुन्हा न काढता तो सायकलवर बसला. रस्त्याच्या वळणावर समोरून रिक्षा आली, त्याने ब्रेक दाबला, आणि सायकल जागच्या जागी थांबली. रिक्षा गेली. मग तोही गेला.