फ्रीजरमधली पाकिटं

“पिल्लू माझ्यामुळे मेलं का, एवढंच शोधून द्या,” समोरची बाई म्हणाली. “नऊ दिवस झाले, माझी लेक माझ्याशी बोलत नाही. माझ्या हातचं जेवतही नाही.”

भावोजींना वाटलं, वहिनी आता हिला वाटेला लावणार. विम्याच्या खोट्या दाव्यांचा छडा लावण्यात वहिनींची वीस वर्षं गेली होती. तपासाचा स्वतःचा धंदा थाटल्यावर टिपणं घ्यायला त्यांनी या दिराला हाताशी धरलं. कुत्र्याचं प्रकरण पहिलंच. पण वहिनींनी चष्मा पुसला, म्हणजे काम घेतलं.

“खायला काय द्यायचात?”

“कुत्र्यांसाठी मिळतात ते कोरडे दाणे आणि कच्चा खिमा, एकाच भांड्यात. खिमा महिन्याचा आणायचा, रोजचं एक पाकीट करून फ्रीजरमध्ये. तीन आठवडे पिल्लू तुकतुकीत होतं. मग शनिवारी मी, लेक, सासूबाई पिल्लाला घेऊन माझ्या माहेरी गेलो. तिथे नुसते दाणे दिले. रविवारी रात्री परतलो. सोमवारी खिमा मिसळला, मंगळवारी उलट्या, गुरुवारी संपलं. डॉक्टर म्हणाले, अन्नातून बाधा. सोमवारी सकाळीच हे म्हणाले होते, ‘कच्चं बंद कर.’ त्याआधी कधी पिल्लाच्या भांड्यात डोकावले नव्हते. मी ऐकलं नाही. घरात विसराळू, निष्काळजी मीच.”

खाटीक फटकळ निघाला. “माझा माल नासका असता, तर पहिल्याच आठवड्यात बोंब झाली असती.” दाण्यांचं उरलेलं पोतं शेजारी दिलं होतं. शेजारचा कुत्रा ते खाऊन गल्ली डोक्यावर घेत होता.

घरी सासूबाईंनी तोफ डागली. “कच्चं आणि कोरडं एकत्र करतात का कधी? मी पहिल्या दिवसापासून सांगत होते.”

भावोजींनी वहीत त्यांच्या नावापुढे खूण केली. त्यांचा संशय नेहमी मोठ्या आवाजावर जायचा.

“नवं दिसतंय,” वहिनी फ्रीजवरच्या फळीकडे पाहत म्हणाल्या.

“लेकानं ठोकली, आम्ही नव्हतो तेव्हा. आणि नातीचं आइस्क्रीमचं अख्खं खोकं एकट्यानं संपवलं. एरवी गोडाला शिवत नाही मेला.”

वहिनींनी फ्रीजर उघडला. भावोजींनी वरचं पाकीट ओढलं, तर सगळा गठ्ठाच हातात आला. खालच्या पाकिटावर जाळीच्या सळ्यांच्या खोल खाचा होत्या.

“असं कसं झालं?” बाई म्हणाली. “मी थाळीत पसरून, दगडासारखी झाली की मगच रचते. पत्त्यांसारखी सुटी निघायची. सोमवारी वरचंच एक सुटं मिळालं, खालची मी पाहिलीच नाहीत.”

खोलीत प्लग एकच, फ्रीजचा. वहिनींनी वायर काढून पाहिली, तर आतल्या भोकांत भिंतीची पांढरी भुकटी बसली होती.

नवरा कामावरून आला. “फ्रीजला मी हातही लावलेला नाही,” विचारल्यावर तो म्हणाला.

मुलगी दारात उभी होती. वहिनींनी तिला आत बोलावलं, मग त्या नवऱ्याकडे वळल्या.

“मिश्रण तीन आठवडे पचलं, म्हणजे दोष मिश्रणाचा नाही. दाणे खाऊन शेजारचा कुत्रा ठणठणीत आहे. राहिला खिमा. तो रचण्याआधीच गोठून कडक झाला होता. खिमा मऊ झाल्याशिवाय सळ्यांच्या खाचा पडत नाहीत. म्हणजे तो वितळला आणि पुन्हा गोठला. ड्रिल लावायला तुम्ही फ्रीजची वायर काढलीत आणि परत लावायची विसरलात. कळलं रविवारी, आइस्क्रीमचं पाणी झालेलं पाहून. ते तुम्ही खाल्लं नाहीत, ओतून दिलंत.”

“माणूस विसरतो हो,” नवरा म्हणाला.

“विसरलात शनिवारी. सोमवारी पक्कं आठवत होतं, म्हणून तर ‘बंद कर’ म्हणालात. कारण सांगितलं असतं, तर हिनं पाकिटं फेकली असती.”

“हिला रोज निष्काळजी म्हणतो मी,” तो पुटपुटला. “हिच्यासमोर कसं सांगणार?”

“नऊ दिवस पोर माझ्या हातचं जेवली नाही,” बायको म्हणाली. “तुम्ही समोर बसून जेवत होतात.”

मुलीनं मांडणीवरून आपलं ताट काढलं आणि आईपुढे धरलं. बापाकडे तिनं पाहिलं नाही. भावोजींचे डोळे भरून आले, ते वहीत तोंड खुपसून उभे राहिले.

बाई दोघांना दारापर्यंत सोडायला आली.

“‘का बंद करू?’ असं मी त्या दिवशी विचारलं असतं तर?”

“विचारलं असतं, तर त्यांनी सांगितलं असतं?” वहिनींनी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली, आणि तिनं दार लावून घेतलं.