खेळातलं बारसं

घटना खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल पुढे सरकावं, खाली कमेंटमध्ये येऊन अक्कल शिकवू नये. माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलंय हे. ती भांडकुदळ आहे, पण खोटारडी नाही.

आणि अमावस्येची रात्र वगैरे काही नव्हती. या जानेवारीतली रविवारची दुपार होती. लख्ख ऊन. नाशिकला सातपूरच्या कारखान्यांच्या गल्लीत एक लेथचं वर्कशॉप आहे, त्याच्या माळ्यावरची खोली.

बहिणीचं नाव यशश्री. चांदवडला बँकेत नोकरी करते, रोज नाशिकहून बसने जाते-येते. रविवार मात्र तिच्या खेळाचा. आता हा खेळ म्हणजे पत्ते किंवा कॅरम नव्हे. टेबलाभोवती बसायचं. एक जण गोष्ट रचून सांगतो, त्याला मास्टर म्हणायचं. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. कुणी योद्धा, कुणी चेटकीण. मग फासे टाकायचे, आणि कोण जगलं, कोण मेलं ते फाशांवर ठरायचं. तिशीला टेकलेली माणसं हे असलं करत बसतात म्हणून माझी मावशी, म्हणजे यशश्रीची आई, कपाळाला हात लावायची.

मास्टर होता उपेंद्र. पंचवटीतल्या भिक्षुकी करणाऱ्या घरातला. लहानपणी मंत्राचा उच्चार चुकला की वडील हातावर पट्टी मारायचे. त्याचं सगळं उट्टं तो या टेबलावर काढायचा. राक्षसांची, राज्यांची, तलवारींची नावं तो स्वतः बनवायचा, आणि एकेक नाव असं की म्हणणाऱ्याला ठसका लागावा. ख्झारल्थ. ऊग्व्हेन. चुकलात की शिक्षा.

"ख्झारल्थ. आधी ख, मग झ. गाडी सुटतेय का तुमची?"

"लय जड हाय राव," कुंदन म्हणायचा. वर्कशॉप त्याच्या वडिलांचं, मंडळी मूळची नांदगावची. "आपलं झारल म्हणू ना."

"तुझ्या योद्ध्याचा एक हात गेला," उपेंद्र शांतपणे सांगायचा.

चौथी स्वरदा, यशश्रीची मैत्रीण. ती शहाणी. नाव घ्यायचंच टाळायची. "तो तुझा राक्षस" एवढंच म्हणायची.

त्या रविवारी उपेंद्रने नवीनच काहीतरी आणलं.

जमिनीखाली राहणारं. तोंड नाही, डोळे नाहीत, कान नाहीत. त्याचं नाव लिहिलेलं आहे, पण ते म्हणायचं कसं हे कुणालाच ठाऊक नाही. ज्याच्या तोंडून ते नाव एकदा पक्कं होईल, त्याच्या घरी ते राहायला येईल. तोवर वाट बघत बसलंय...

अशी त्याची गोष्ट. उपेंद्रनेच रचलेली. कागदावर त्याने ते नाव लिहून टेबलावर सरकवलं.

ते नाव तुम्हाला इथे वाचायला मिळणार नाही. का ते कळेल.

कुंदनने त्या प्राण्याची सोंगटी लेथवर कातून बनवली होती. पितळेच्या भंगाराचा अंगठ्याएवढा तुकडा. गुळगुळीत, मध्ये जाड, दोन्ही टोकांना निमुळता.

"अरे, हा तर वरवंटा झालाय," स्वरदा हसली.

यशश्रीने नाव वाचलं.

"चूक," उपेंद्र म्हणाला.

तिने पुन्हा वाचलं.

"चूक."

"मग असं?"

"साफ चूक. तुझी चेटकीण मेली."

दोन वर्षं ती त्या चेटकिणीला सांभाळत होती. यशश्रीचं डोकंच सटकलं.

"मेली? उच्चार चुकला म्हणून मेली? तू म्हणून दाखव ना बरोबर!"

उपेंद्रने म्हणून दाखवलं. ती म्हणाली, परत म्हण. त्याने परत म्हटलं, आणि ते पहिल्यापेक्षा वेगळं निघालं. स्वरदा फिसकन हसली. झालं! उपेंद्रचा चेहरा लालबुंद.

"तुझं तुला येत नाही आणि आमचे जीव घेतोस होय रे!"

"नाव माझं आहे. त्याचा बाप मी आहे."

"बाप असशील. नाव बाप ठेवत नाही, आत्या ठेवते. आण इकडे ती सोंगटी."

हे तिच्या डोक्यात का आलं, तेही सांगते. त्याच आठवड्यात तिच्या भावाला, मयुरेशला, मुलगी झाली होती. पुढच्या रविवारी बारसं. यशश्री एकुलती एक आत्या. नाव ठरवण्यापासून पाळण्याच्या फुलांपर्यंत घरात दुसरा विषय नव्हता.

तिने ओढणी काढली आणि दोन खुर्च्यांना बांधून झोळी केली. पितळेचा तुकडा त्यात निजवला. मग थांबली. नाव कानात सांगायचं, आणि याला तर कान नाही.

तिने मार्कर उचलला. तुकड्यावर एक काळा ठिपका काढला.

"हा घे कान," म्हणाली.

"यशश्री, हे गोष्टीत नाहीये. करू नकोस." उपेंद्रचा आवाज चिरकला. पण ऐकते कसली! तो रुसून खिडकीत जाऊन उभा राहिला, पाठ करून.

ती वाकली. ठिपक्याला ओठ लावले.

"कुर्रर्र..."

आणि तिने ते नाव सांगितलं. तिला हवं तसं. अगदी ठासून.

बारशाला आत्याच्या पाठीत बुक्के घालतात. स्वरदाने हसत एक घातला. कुंदनने एक घातला.

आणि मग...

तिसरा बसला.

कमरेजवळ. खाली. पंजा लहान होता, आणि थंड.

यशश्री झटकन वळली. स्वरदा आणि कुंदन टेबलापाशी परतले होते. उपेंद्र अजून खिडकीत.

शेजारच्या कारखान्यातला पत्रे ठोकणारा प्रेस सकाळपासून धाड... धाड... चालला होता. तो बंद पडला. वीज गेली म्हणावं, तर डोक्यावरचा पंखा फिरत होता.



झोळी हलत होती. झोका कुणीही दिलेला नव्हता.

"चला, बसा. पुढे खेळू," उपेंद्र म्हणाला, आणि बोलता बोलता त्याच्या तोंडून ते नाव आलं. यशश्रीने ठेवलं होतं तसंच. त्याच्या ते लक्षातही आलं नाही. पाठोपाठ कुंदनने घेतलं. ज्याला साधं झारल जड जायचं, त्या कुंदनने पहिल्या झटक्यात स्वच्छ घेतलं.

त्या दिवसापासून ते नाव कुणाचंच चुकलं नाही.

दोन-तीन दिवसांनी कुंदनचा फोन आला.

"यशू, ती पितळेची सोंगटी तू नेली का?"

"नाही. मी कशाला नेऊ?"

"सोंगट्यांच्या डब्यात नाय ती. डबा बंद व्हता, तरी नाय."

यशश्रीने उपेंद्रला फोन लावला. गुर्मी बाजूला ठेवून म्हणाली, "ते नाव बदल. दुसरं काहीतरी ठेव त्याला."

"मी कोण बदलणारा? आत्या ठेवते ना नाव? आता भाचरू तुझं आहे, सांभाळ." हरामखोर हसला वर. माझ्या समोर असता तर मी कानाखाली काढली असती.

मग त्याचा आवाज एकदम खाली आला. 

"यशश्री... मी काल मुद्दाम चुकीचं म्हणून बघितलं. चुकवताच येत नाही गं."

त्याने फोन ठेवला. तो आता खेळायला येत नाही, आणि कुणाचे फोनही उचलत नाही.

रविवारी बारसं झालं. नाशिकरोडला, मयुरेशच्या बायकोच्या, सरितावहिनीच्या माहेरी. मी होते तिथे. फुलांनी मढवलेला पाळणा, ताटात घुगऱ्या, बायकांचा कलकलाट, सगळं नेहमीसारखं. फक्त यशश्रीचा चेहरा उतरलेला. मी विचारलं तर अंगावर आली, "काही नाही झालेलं मला!"

आमच्यात आधी वरवंट्याला झबलं-टोपडं घालतात आणि तो पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या." वरवंटा यशश्रीच्या हातात आला आणि ती दचकली.

तो कोमट होता, असं ती सांगते. झबल्याच्या आत काहीतरी हललंही. तिने तो कसाबसा पुढे दिला.

मग बाळाला पाळण्यात ठेवलं. मावशी नातीचं टोपडं सारखं करायला वाकली आणि म्हणाली, "अगं सरिता, कानाला कशाला लावलीस तीट? गालाला लावतात."

"मी नाही लावली आई," वहिनी म्हणाली.

मावशीने पदराचं टोक ओलं करून पुसलं. पुन्हा पुसलं. कान लाल झाला, बाळ रडलं...

ठिपका गेला नाही.

तो काजळाचा नव्हताच. यशश्रीने ओळखला तो.

"चल गं आत्या, खोळंबलोय!" बायकांनी तिला पुढे ढकललं. पळून जावंसं वाटलं तिला. पण कारण काय सांगणार होती? खेळात एका पितळेच्या तुकड्याचं बारसं केलं म्हणून? तिने मनाशी घोकलं. रेवती. रेवती. रेवती. पोरीच्या कानात पहिलं पडेल ते तिचंच नाव पडलं पाहिजे, बाकी कशाचंही नाही.

ती वाकली.

"कुर्रर्र..."

पाठीत बुक्के पडले. हसून, जोरात. आणि त्यांच्यात एक, कमरेजवळ... खाली. लहान पंजाचा.

तिने बाळाच्या कानात नाव सांगितलं. ताठ उभी राहिली.

"मोठ्याने सांग!" सगळ्या ओरडल्या.

"रेवती!"

टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या.

रेवती सगळ्यांनी ऐकलं. पण कानात काय सांगितलं, ते फक्त बाळाने ऐकलं. यशश्रीला आठवत नाही. तिला एवढंच कळलं, की तिच्या घशात खरवडल्यासारखं झालं होतं. रेवती म्हणताना घसा खरवडत नाही. ते दुसरं नाव घेतलं की खरवडतो.

त्या रात्री तिने मला सगळं सांगितलं. फक्त मला. वहिनीला सांगायची हिंमत तिला आजवर झालेली नाही.

वहिनी पोरीला घेऊन सासरी, यशश्रीच्या घरी परतली. पोर वाढली. छान गुटगुटीत झाली. पण रेवती म्हणून हाक मारली तर वळायची नाही. मयुरेशने मारून पाहिली, मावशीने मारून पाहिली. ताट पडलं तर दचकायची, कुकरच्या शिट्टीला रडायची. नावाला मात्र ढिम्म. डॉक्टरांनी कान तपासले. कान उत्तम आहेत म्हणाले. वहिनी रडायची, आणि यशश्री शेजारी बसून तिचे डोळे पुसायची.

एकदा घरात कुणी नसताना यशश्रीने ठरवलं, ते दुसरं नाव घेऊन बघायचं. तोंड उघडलं... आणि मिटलं. पोर वळली असती तर?

मागच्या महिन्यात ती चांदवडला बँकेत होती. भर दुपारी, काउंटरला रांग लागलेली. वहिनीचा फोन आला. वहिनी आनंदाने रडत होती.

"यशू, वळली गं! हाकेला वळली!"

यशश्रीला खुर्चीतच रडू फुटलं. "खरंच? कुणी मारली हाक?"

"कुणी काय, तूच! आत्ता जिन्यातून मारलीस ना? मी तिला भरवत होते. तुझा आवाज आला आणि ती लगेच दाराकडे बघून हसायला लागली. वर ये ना पटकन, खाली काय करतेस?"



"वहिनी... काय म्हणून हाक मारली मी?"

"तुझं ते लाडाचं नाव गं. मला नाही बाई जमायचं तसं म्हणायला." वहिनी हसली. मग जरा थांबली. "थांब हं... जमतंय की."

आणि तिने म्हणून दाखवलं.

यशश्रीने बदली मागून घेतली. आता घराजवळच्याच शाखेत जाते, बाकी सगळा वेळ पोरीपाशी. दिवसभर तिच्याशी बोलते, रेवती, रेवती करते. पोर तिच्याकडे बघत नाही. दाराकडे बघते. खाली, कमरेएवढ्या उंचीवर बघते आणि हसते.

कानावरचा ठिपका तसाच आहे. आता दुसऱ्या कानावरही आहे.

मला ते नाव विचारू नका. मेसेज करू नका, मी उत्तर देणार नाही. यशश्रीने मला ते कधीच सांगितलेलं नाही. मीही विचारलं नाही, कुठे वाचलंही नाही.

पण काल भांडी घासताना मी काहीतरी गुणगुणत होते, आणि माझा घसा खरवडला.