दवातला कापूस

माझ्या थोरल्या भावाचं, देवीदासदादाचं लग्न झालं ते एकोणीसशे चौतीस साल. त्याच कार्तिकात आईची कंबर धरली आणि भगवंतराव पाटलांच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बारा बायांची मुकादमीण म्हणून तिच्या जागी मी उभी राहिले. वय सतरा... आणि मिजास पाटलीणबाईची.

पहिल्याच दिवशी वावराच्या कडेला, धुऱ्यावर बैलबंडी थांबली. उतरणाऱ्याच्या भुवयांना कापसाचे तंतू चिकटले होते.

"मुकादमीण कोन हाय?"

"समोर उभी हाय."

त्यानं माझ्या मागे पाहिलं. "मले वाटलं, एखादी म्हातारी असन."

"म्हातारी पाह्यजे तं बसा धुऱ्यावर. चाळीस वर्सांनी होईन."

बाया हसल्या. तोही हसला, आणि मी वेचलेल्याच झाडावर पुन्हा बोंडं शोधू लागले.

त्याचं नाव सूर्यभान. पाटलांचा कापूस नांदगावहून धामणगावला सरकी काढायच्या जिनात तोच नेई. जाताना म्हणाला, "सोमवारी दुपारी येतो. पन तवरिक तुमच्यानं बंडी भरन, असं वाटत नाही."

"भरून ठेवते. तुमी या फक्त."

रविवारी पाहिलं तर ढीग अर्धाच. सोमवारी मी बायांना उजाडताच वावरात उतरवलं. पऱ्हाटीचं झाडन्‌झाड दवानं ओलंचिंब. दव वाळल्याशिवाय बोंडाला हात लावायचा नाही, हे आमच्याकडे लहान पोरीलाही ठाऊक. मनकर्णाबाई आईच्या वयाची. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "पोरी, ऊन वर येऊ दे. वला कापूस आतून तापते."

"मुकादमीण तू हायस का मी?"

सगळ्यांदेखत म्हणाले. ती वाकली आणि वेचू लागली. तिची ती वाकलेली पाठ मला अजून दिसते.

दुपारी बंडी गच्च भरली. "मानलं," सूर्यभान म्हणाला. त्यानं कापसात हात घालून पाहिला नाही. तो माझ्याकडेच पाहत होता — आणि मला तेच हवं होतं.

तिसऱ्या दिवशी भरलेली बंडी तशीच परत आली. कापूस आत तापून पिवळा पडला होता. जिनात कोणी घेतला नाही. पाटलांनी बायांसमोरच विचारलं, "हा वला कसा झाला?"

सूर्यभान खाली पाहून म्हणाला, "नाल्यातून बंडी घातली मालक. पानी उडालं. चूक माही."

पाटलांनी त्याला बंडीच्या कामावरून उतरवलं. मी तोंड उघडलं नाही. बाराही बायांना खरं माहीत होतं, पण कोणी मला टोचलं नाही. जेवताना मनकर्णाबाईनं रोजच्यासारखी अर्धी भाकर माझ्यापुढे ठेवली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी पाटील वावरात आले, तेव्हा मी ओटीतला कापूस खाली ठेवला. "मालक, दवात बायांना मीच उतरवलं. मनकर्णाबाई नको म्हणत होती. सूर्यभानचा नाला खोटा हाय."

पाटील म्हणाले, "उद्यापासून मुकादमीण मनकर्णाबाई. त्याले बंडीवर बलावतो."

दोन दिवसांनी बंडी धुऱ्यावर आली. मी मान वर केली नाही. तो शेजारच्या ओळीत येऊन उभा राहिला.

"काहून खोटं बोलले?" मीच विचारलं.

"पुरं खोटं कुठं व? हात घालून पाह्यला असता तं कापूस वला हाय, हे समजलं असतं. पाहत तुमच्याकडं होतो. अर्धी चूक माहीच."

"अन् दुसरी अर्धी?"

"ते तुमच्यासाठी ठेवली होती... घेता का नाही, पाहत होतो. आठ दिवस लावले तुमी."

"नसती घेतली तं?"

"तं आज माहा काका तुमच्या घरी गेला नसता."

मी बोंडाकडे पाहत राहिले. "काकाले चहा दिला का कोनी?" एवढंच मला सुचलं.

फाल्गुनात आमचं लग्न झालं. पुढच्या हंगामात पाटील मुकादमीण व्हायचं विचारायला आले, तेव्हा मी आधी मनकर्णाबाईकडे पाहिलं. तिनं मान हलवली, मगच हो म्हणाले. नंतर एकवीस हंगाम, रोज सकाळी दव वाळलं का पाहायला पहिल्या ओळीतल्या बोंडावर तिचा हात आधी, मग माझा.

मनकर्णाबाई एकोणीसशे छप्पन्नच्या श्रावणात वारली. सूर्यभान एकोणीसशे एकाहत्तरच्या माघात गेले. मी अक्षर शिकले ते त्याच्याही नंतर, म्हणून हे त्यांना वाचून दाखवायचं राहिलं.